तीन भाकरींचा हिशेब

आमच्या आजोबांचा एक दावा होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही : पंडिता रमाबाई म्हैसूरच्या. मिरजेकडून, सोलापुराकडून पाहुणे आले की हा विषय निघायचाच. पाहुणे म्हणत, “अहो, रमाबाई केडगावच्या. फार तर पुण्याच्या म्हणा.” आजोबा चष्मा पुसत विचारत, “जन्म कुठला?” गंगामूळचा, १८५८ सालचा. तुंगा आणि भद्रा जिथून निघतात ते पश्चिम घाटातलं रान. “मग ते कुठल्या संस्थानात होतं?” एवढं विचारून ते पानाला चुना लावायला घेत. त्यांच्या लेखी खटला तिथंच निकालात निघे.

दाव्याला त्यांच्याकडे आणखी एक पुरवणी होती. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्याला रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकले. साठे दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्याच्या राणीला संस्कृत शिकवायला जात, आणि कधीमधी हा शिष्यही सोबत असे. बाईमाणसाच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून या पोराचे डोळे उघडले, आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढे पेशवाई बुडाली. अनंतशास्त्र्यांना म्हैसूरच्या दरबारात आश्रय मिळाला, पैसाही मिळाला. बायकोला शिकवण्याचा हट्ट मात्र समाजाला सोसेना, तेव्हा त्यांनी रानात घर थाटलं आणि लक्ष्मीबाईंना तिथं शिकवलं. लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. “म्हणजे म्हैसूरचं मीठ खाल्लेल्या घरची लेक,” असा आजोबांचा समारोप असे. आजी आतून म्हणे, “मीठ खाल्लं खरं, पण आता जेवायला बसा.”

या दाव्यामागे आजोबांचा स्वतःचा स्वार्थ होता, हे मला फार उशिरा उमगलं. म्हैसूरमध्ये मराठी माणसं कमी नाहीत. मराठे आहेत, शिंपी आहेत, देशस्थांची जुनी घरं आहेत. पण मराठी आणि वर ख्रिस्ती म्हटलं, की समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो. चर्चमध्ये आम्ही मराठी, आणि मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात ख्रिस्ती. आजोबांना या गावात पाय रोवायला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं, आणि ते त्यांनी शोधून काढलं.

आजोबा रेल्वेत होते. मिरजेहून हुबळी, हुबळीहून अर्सिकेरे, तिथून म्हैसूर. सगळा मीटरगेजचा मामला. बदली होऊन आले तेव्हा दोन-तीन वर्षांत परत जाऊ असं घरात ठरलं होतं म्हणे. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉक्टर वॉन्लेस यांच्या हॉस्पिटलात, नर्सिंग शिकलेली. इथं मंडी मोहल्ल्यात वेस्लियन मिशनचं होल्ड्सवर्थ मेमोरिअल हॉस्पिटल होतं, बायकामुलांसाठी १९०६ साली उघडलेलं. तिथं तिला काम मिळालं आणि परत जाण्याची भाषा हळूहळू बंद झाली. ज्वारीचं पीठ तेवढं बरीच वर्षं मिरजेहून येत राहिलं. म्हैसूर म्हणजे रागीचा मुलूख. रागीचे गोळे, म्हणजे मुद्दे, गिळायचे असतात, चावायचे नसतात, हे शेजारच्या अज्जींनी शिकवलं तरी आजीच्या जिवाला भाकरीचाच ध्यास.

आणि आजीबरोबर, हुंड्यात यावी तशी, तिची आई आली. आमची मोठी आजी. मी तिला पाहिलं ते अगदी लहानपणी, त्यामुळे तिच्याविषयी मी जे सांगतो त्यातलं माझं किती आणि आत्याने भरवलेलं किती, हे मला विचारू नका. पांढरं लुगडं, बारीक केस, आणि हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं सूप. एवढं नक्की माझं.

मोठी आजी मुक्तीची मुलगी, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातली. गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात, संवत १९५६ चा म्हणजे इसवी १९०० चा तो दुष्काळ, त्यातून उचलून केडगावला आणलेली. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असावी. गाव काठेवाडातलं की पंचमहालातलं, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही. एक कोरडी विहीर, एक मेलेलं जनावर आणि एका थोरल्या भावाचं घरगुती नाव, एवढाच तिचा सातबारा. भाषा पुढं सगळी मराठी झाली, पण भाकरीला ती जन्मभर ‘रोटलो’ म्हणत राहिली. भुकेल्या पोरींना धरून ख्रिस्ती केलं, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो घेणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. आजोबांच्या एका मित्राने तो तिच्या तोंडावरच काढला होता. ती म्हणाली, “आधी पेज दिली. पोट भरल्यावर नाव विचारलं.” बाकी काही ती बोलली नाही, आणि मित्रानेही चहा संपवला.

तिच्या गोष्टींत रमाबाई फक्त ‘बाई’ असत. बाईंना कमी ऐकू येई. बाई पांढरं नेसत. बाई रागावल्या की हळू बोलत. पण या सगळ्यांत जी गोष्ट आम्ही पोरांनी पुन्हापुन्हा मागून ऐकली ती पाढ्याची. ती घडली तेव्हा मोठी आजी मुक्तीत नव्हतीच. थोरल्या मुलींकडून ऐकलेली. पुढं मोठा झाल्यावर रमाबाईंनी स्वतः लिहिलेल्या साक्षीच्या पुस्तकाशी मी ती ताडून पाहिली, तर फारशी हललेली नव्हती.

१८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पुण्यातल्या शारदा सदनातल्या पंधरा मुली घेऊन तिकडं गेल्या. या पंधरा जणींनी येशूला मानलं होतं, आणि त्यापायीच आधी पुण्यात केवढा गहजब झाला होता. पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं होतं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, देवा, आहेत त्या टिकव. रमाबाईंनी काय मागितलं? पुढल्या शिबिरापर्यंत या पंधरांचा वर्ग होऊ दे. पंधरा पंधरे किती? मोठी आजी इथं थांबून आमच्याकडे पाही आणि आम्ही ओरडत असू, “सव्वादोनशे!” सदनात तेव्हा एवढ्या मुलीच नव्हत्या. ठेवायला जागा नव्हती. अमेरिकेतल्या ज्या मंडळाच्या मदतीवर सदन चाले त्यानं दहा वर्षांचा शब्द दिलेला आणि ती मुदत सरत आलेली. आणि ही बाई देवाला आकडा सांगत होती.

मग त्याच हंगामात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः गेल्या. त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमाराला अशाच उपासमारीत गेले होते, बहीणही त्याच पाठोपाठ गेली. पोटाची आग म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तिथून त्यांनी पोरी आणल्या, शेकड्यांनी. पुण्याजवळ केडगावला जमीन आधीच घेतलेली होती, फळबागेसाठी. झाडं लावून सदनाला उत्पन्न होईल, हा हिशेब. त्या जमिनीवर आधी झोपड्या उठल्या, मग इमारती, आणि १८९८ साली मुक्ती सदन रीतसर उभं राहिलं. पुढचं शिबिर आलं तेव्हा संख्या भरलेली होती. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी हजारावर आल्या, त्यांतच आमची. मुक्तीचा पसारा दोन हजारांच्या घरात गेला.

ही गोष्ट चमत्काराची म्हणून सांगितली जाते. मला त्यात चमत्कारापेक्षा दुसरंच काही दिसतं. आकडा मागणाऱ्या माणसाला आकड्याची तयारी करावी लागते. ‘सर्वांचं कल्याण कर’ म्हटलं की हात झटकून उठता येतं. सव्वादोनशे मुली दे म्हटलं की सव्वादोनशे ताटं कुठून आणायची हा प्रश्न तिथंच, गुडघ्यांवर असतानाच, उभा राहतो. रमाबाईंनी विहिरी खणवल्या, तेलघाणा घातला, विणकाम लावलं, गाई पाळल्या, छापखाना काढला. मोठ्या आजीच्या आठवणींत प्रार्थनेपेक्षा दळणच जास्त होतं.

त्या काळी ख्रिस्ती जगात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं नाव गाजलेलं होतं. हजारो अनाथ मुलं सांभाळली, पण कुणाकडे हात पसरला नाही. जे मागायचं ते देवाकडे, दार लावून. रमाबाईंनी त्याचं चरित्र वाचलं होतं आणि त्यांच्यावर त्याची छाप होती. पण आमच्या आजोबांना, रेल्वेतल्या माणसाला शोभेल असा, एक बारीक मुद्दा दिसे. ते म्हणत, रमाबाईंनी देवाकडे मागितलं हे खरं, पण ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं पत्रकही छापून परदेशात धाडलं, त्यात काय चाललंय आणि काय कमी पडतंय ते लिहिलेलं असे. “सिग्नलही दिला आणि बावटाही दाखवला.” आजीला हे बोलणं मुळीच आवडत नसे. मला आजोबांचं पटतं, आणि त्यानं रमाबाई माझ्या नजरेत लहान होत नाहीत.

१९०५ ची हकीकत सांगताना मात्र मोठी आजी स्वतः साक्षीदार होती, दहा-अकरा वर्षांची. वेल्समध्ये त्याआधी धर्मजागृतीची मोठी लाट उसळली होती, तिची खबर केडगावला पोचली. जानेवारीत बाईंनी विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना कोण करील? सत्तर जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ जूनच्या रात्री काहीतरी झालं. पुस्तकांत त्याला पवित्र आत्म्याचं येणं म्हणतात. मोठी आजी म्हणे, “थोरल्या पोरी रडायला लागल्या, ओरडायला लागल्या, सगळ्या एकदम. मी भ्याले. पांघरूण डोक्यावरून घेतलं.” पुढे दिवसचे दिवस शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत. पुण्यामुंबईच्या शिस्तीतल्या पाद्रीसाहेबांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी तो बंद केला नाही. आम्ही पोरं डोळे विस्फारून विचारायचो, मग सकाळी काय झालं? “काय व्हायचंय? दळण होतंच की.”

त्या गलक्यातून तिनं घरी आणली ती एक रीत : याद्यांची. मुक्तीत नावं लिहून वाटली जात आणि प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या नावांसाठी, नाव घेऊन, प्रार्थना करायची. मोठ्या आजीकडून ती आजीकडे आली आणि आजीनं तिला नर्सचं वळण लावलं. आजीची एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, हॉस्पिटलातल्या ड्यूटीच्या वहीसारखीच आखलेली. तारीख, कुणासाठी, काय, आणि शेवटचा रकाना मोकळा. रात्री जेवणं झाली की कंदिलाशी, नंतर दिव्याखाली, ती वही उघडून देवाला सांगे : सात नंबरच्या खाटेवरल्या बाळाचा ताप एकशेतीनवर आहे, तो उद्या सकाळपर्यंत शंभराच्या खाली येऊ दे. चौदा नंबरच्या बाईचा नवरा दारू पितो, त्याला शनिवारी पगार होतो, तेव्हा शनिवारी त्याच्याकडे लक्ष ठेव. आम्हाला हसू फुटे. आजी डोळे न उघडता म्हणे, “सुम्ने बसा रे!” प्रार्थना मराठीत, दटावणी कन्नडात.

आणि औषध आधी, प्रार्थना नंतर. या क्रमात तिनं कधी तडजोड केली नाही. हल्ली मंडपातून, टीव्हीवरून, कुबड्या फेकायला लावणाऱ्या प्रार्थना मी पाहतो तेव्हा मला आजी आठवते. गोळ्या बंद करा असं सांगणाऱ्याला तिनं थर्मामीटरनं मारलं असतं. मोठ्या आवाजालाच श्रद्धा समजणारी माणसं तेव्हाही होती. आजीचा आवाज प्रार्थनेत कधी चढला नाही. मागणं मात्र धीट असे, आणि नेमकं.

या धिटाईचा आधार ती शुभवर्तमानातूनच दाखवी. लूकच्या अकराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. मध्यरात्री एकाकडे पाहुणा येतो, घरात काही नाही, म्हणून हा शेजाऱ्याचं दार ठोठावतो. शेजारी आतून खेकसतो, पोरं झोपलीत, दार लावलंय, उठवत नाही. तरी हा ठोठावतच राहतो आणि शेवटी त्याच्या निलाजरेपणापायी शेजारी उठतो. आजी विचारी, “किती भाकरी मागितल्या?” तीन. “थोडं काहीतरी खायला द्या, असं म्हणाला का? नाही. एक पाहुण्याला, एक त्याच्या संगतीनं आपल्याला, आणि एक पाहुण्यानं अजून मागितली तर.” हा खुलासा कुठल्याच शास्त्रपाठात नाही, आजीच्या स्वैपाकघरातला आहे. मोठी आजी कोपऱ्यातून म्हणे, “तीन रोटला,” आणि आमच्या डोळ्यांपुढं ज्वारीच्या, पदर सुटलेल्या, गरम भाकरी येत.

दुसरा तिचा लाडका माणूस म्हणजे बार्तीमय, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. लोक दटावत असताना तो ओरडत राहिला, आणि येशूनं त्याला बोलावून विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? आता आंधळ्याला हे विचारायचं का? आजी म्हणे, विचारायचं. तो भिकारी होता, पैसेही मागू शकला असता, रोज तेच मागत होता. आपल्याला काय पाहिजे हे माणसाला आधी स्वतःला दिसावं लागतं.

म्हैसूरचं सगळ्यांत मोठं चर्च आमचं नव्हे, कॅथलिकांचं. संत फिलोमिनाचं. अशोका रोडवरून दिसणारे ते एकशेपंच्याहत्तर फुटांचे जुळे मनोरे पाहून बाहेरगावचे लोक तोंडात बोट घालतात. डेली नावाच्या फ्रेंच माणसानं आराखडा काढला, जर्मनीतल्या कोलोनच्या चर्चचा नमुना डोळ्यांपुढं ठेवून. त्याच जागी आधी १८४३ सालचं चर्च होतं, मुम्मडी म्हणजे तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या काळात त्यांच्या मदतीनं झालेलं. (आजोबांना इथं पुन्हा अनंतशास्त्री आठवत. त्यांचा आश्रयदाताही तोच राजा!) आताच्या इमारतीचा पाया २८ ऑक्टोबर १९३३ ला नाल्वडी म्हणजे चौथ्या कृष्णराजांनी घातला. त्यामागे राजांचे हुजूर सेक्रेटरी थंबू चेट्टी होते. या गृहस्थांची फिलोमिनावर अपार भक्ती. तिचा पवित्र अवशेष त्यांनी १९२६ साली पोपच्या इथल्या प्रतिनिधीकडून मिळवून आणला आणि मग त्याला साजेसं देऊळ हवं म्हणून पाठपुरावा केला.

आजी पक्की प्रॉटेस्टंट. संतांना नवस, मेणबत्त्या, अवशेष, हे तिच्या पचनी पडणारं नव्हतं. पण थंबू चेट्टींचं तिला कौतुक. “त्या माणसाला काय हवं ते ठाऊक होतं,” एवढं ती मान्य करी. आमच्या शेजारच्या अज्जी माध्व ब्राह्मण, कांदालसूणही न खाणाऱ्या. त्यांच्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा त्या फिलोमिनाला मेणबत्ती बोलल्या, आणि तो उठल्यावर फेडायला निघाल्या तर सोबतीला कोण? आमची आजी. बाहेर उभी राहिली म्हणे, चपला सांभाळत. त्या पोराचं नाव तिच्याही वहीत होतं, पण ते तिनं अज्जींना कधी सांगितलं नाही. १९६१ साली रोमनं फिलोमिनाचा सण पंचांगातून काढून टाकला. आजोबांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. त्यांना वाटलं, आजी खूश होईल. ती म्हणाली, “अज्जींना वाचून दाखवू नका.” म्हैसूरकरांनीही फार मनावर घेतलं नाही. मेणबत्त्या जळतच राहिल्या. हिंदू, मुसलमान, सगळ्यांच्या.

याच मुलखात एक अगदी उलट, मागणंच सोडून देणारा माणूसही होऊन गेला. टिपू पडल्यावर, १७९९ साली, श्रीरंगपट्टणाच्या कॅथलिकांकडे एक फ्रेंच पाद्री आला, आबे दुबुआ. इथल्या लोकांसारखा पोशाख करायचा, मांस सोडलं, लोक त्याला दोड्ड स्वामी म्हणत. देवीची लस टोचण्याची मोहीम त्यानं चालवली, ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती वसवली. आणि १८२३ साली परत गेला तो हे लिहून, की हिंदुस्थान ख्रिस्ती होणं शक्य नाही. आजोबांना हा माणूस आवडे. आजीला राग यायचा : “इतकी वर्षं राहिला आणि शेवटी हात टेकले!” मला वाटतं, त्यानंही स्पष्टच पाहिलं. त्याची लस ज्यांना लागू पडली त्यांच्या नातवंडांना हा वाद ठाऊकही नसेल.

वहीतला शेवटचा रकाना सगळा भरलेला होता असं समजू नका. सात नंबरची कितीतरी बाळं गेली. तिथं आजी नुसतं ‘नेलं’ असं लिही. आणि एक ओळ दर जानेवारीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवली जाई. मोठ्या आजीचा भाऊ. दुष्काळात हात सुटला तेव्हापासून ती त्याला मागत होती. कसा दिसतो ते ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, फक्त घरगुती नाव. तरी ती मोघम बोलत नसे. “त्याला भेटव” असंच म्हणे. ‘सुखी ठेव’ वगैरे पळवाट तिनं काढली नाही.

आणि शोधायचीही. सय्याजीराव रोडवर एका गुजराती शेटजींचं कापडाचं दुकान होतं. महिन्यातून एखाद्या दिवशी ती नातवाचं बोट धरून तिथं जाई आणि मोडक्या, साठ वर्षांच्या जुन्या गुजरातीत विचारी, तिकडून कुणी आलं का? या नावाचा म्हातारा कुणी पाहिलाय का? आजीला फार संकोच वाटे. शेटजी जैन, भला माणूस. कधी हसला नाही. तिला गादीवर बसवून सुखडीचा तुकडा हातावर ठेवी आणि गुजरातेत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला खरंच विचारी, असं आत्या सांगते. ते नातवाचं बोट माझं होतं की माझ्या चुलतभावाचं, यावर आमचा आजही एकमेकांशी वाद आहे. सुखडीची चव दोघांनाही आठवते.

भाऊ भेटला नाही. मोठी आजी गेल्यावर आजीनं ती ओळ खोडली नाही आणि पुढल्या वहीत उतरवलीही नाही. मी एकदा विचारलं, तर तिनं उत्तर म्हणून रमाबाईंचंच सांगितलं. मनोरमा, एकुलती एक लेक, मुक्तीचा सगळा भार पुढं उचलणार होती ती. १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाईंनी तिच्यासाठी काय नि किती मागितलं असेल? आणि लेक गेल्यावर ही बाई काय करत होती, तर बायबलची प्रुफं तपासत होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केलेलं साऱ्या बायबलचं मराठी भाषांतर, साध्या बाईला वाचता येईल असं. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्याच मुली. शेवटी अंगात ताकद उरली नाही तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागून घेतले, प्रुफं पुरी केली आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, असं मुक्तीच्या मंडळींत सांगतात. ते पुस्तक १९२४ साली निघालं. दहा दिवसांचं खरं की कुणीतरी मागाहून जुळवलेलं, मला ठाऊक नाही. पण दहाच मागितले असतील, जास्त नाही, हे मात्र मला पटतं.

आजीची वही आता आत्याकडे आहे. म्हणजे जुन्या वह्या पत्र्याच्या पेटीत आणि चालू वही उशाशी. नाताळात आम्ही सगळे तिच्याकडे जमतो. फराळाला करंज्या, अनारसे, आणि म्हैसूरला आहोत म्हणून म्हैसूरपाक, तोही तुपानं हात बरबटणारा. गेल्या नाताळात जेवणाआधी प्रार्थना करायची पाळी माझ्या पुतण्याच्या मुलीवर आली. बंगळुरूची पोर, मराठी तोडकी. तिनं डोळे मिटले आणि भराभर म्हणून टाकलं, देवा, सगळ्यांना सुखी ठेव, आमेन. आत्याचे डोळे उघडेच होते.

“सगळे म्हणजे कोण?”

पोर गोंधळली. मग एकेक नाव घ्यायला लागली. आई, बाबा, घरची मोलकरीण, मांजर, आणि कॅनडाला निघालेला दादा, त्याचा व्हिसा अडकलाय.

“कुठल्या तारखेपर्यंत पाहिजे?” आत्यानं विचारलं आणि चष्मा लावून वही पुढं ओढली. पोरीनं दादाकडे पाहिलं. दादानं मोबाइलमध्ये बघून तारीख सांगितली. आत्यानं ती लिहिली, मग दादाला विचारलं की कागद पुन्हा एकदा तपासून पाठवलेस का, आणि त्यानं नाही म्हटल्यावर जेवणाआधीच त्याला ते काम करायला बसवलं. आमटी दोनदा गरम करावी लागली.

त्या तारखेला व्हिसा आला नाही. आत्यानं मार्चची घातली आहे.